एका बल्बाचं घर

आज मी पूर्ण शुद्धीत, चष्मा पुसून आणि घसा साफ करून एक अत्यंत गंभीर गोष्ट जाहीर करणार आहे. वाचकांनी हातातलं काम बाजूला ठेवावं, जमत असेल तर उभं राहावं. गोष्ट अशी की, कळमनुरीतल्या आमच्या घरात चार वर्षं एकच बल्ब होता, त्या बल्बाचा मृत्यू माझ्या हातून झाला, आणि त्या मृत्यूचं खरं कारण मी आजपर्यंत कुणालाही कळू दिलेलं नाही. आप्पांना तर नाहीच नाही. माझे वडील शेवटपर्यंत असंच समजत राहिले की बल्बाचं वय झालं होतं. आता आप्पा नाहीत, तो बल्ब नाही, तसले पिवळे बल्बही बाजारात शोधावे लागतात, तेव्हा कबुली द्यायला हरकत नाही. बसा आता.

एकच बल्ब म्हणजे एकच खोली असं कुणी समजू नये. आमचं घर चांगलं तीन होल्डरांचं होतं. एक बाहेरच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात आणि एक ओसरीवर. तिन्ही आप्पांनी स्वतः बसवलेले, वायर भिंतीला अशी सरळ ठोकलेली की गवंड्यानं ओळंबा लावून बघावं. कारण आमचे आप्पा वायरमन होते. आसपासच्या दहा-बारा गावांतले खांब त्यांच्या ताब्यात. वादळ झालं, तार तुटली, डीपीवर आवाज झाला की माणसं सायकल मारत आमच्या दारात यायची, "वायरमन सायब, आमच्याकडं अंधार हाय." आप्पा खांद्यावर दोरी टाकून, कमरेला पक्कड लावून निघायचे. आणि दहा-बारा गावांना उजेड देणारा हा माणूस घरी आला की बाहेरच्या खोलीतला बल्ब काढून स्वयंपाकघरात लावायला सांगायचा. जेवणं झाली की स्वयंपाकघरातला काढून पुन्हा बाहेर. ओसरीच्या होल्डरात चार वर्षांत बल्ब बसलाच नाही. तिथं कोळ्यानं जाळं केलं होतं आणि ते जाळंही आप्पा मोडू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "डास खातो तो. फुकटात."

उधळपट्टीशी आमच्या घराची तोंडओळखसुद्धा नव्हती. आगकाडी ब्लेडनं उभी चिरून तिच्या दोन व्हायच्या, आणि दोन्ही पेटायच्या. अंघोळीचं पाणी मोरीतून थेट पपईच्या बुडाशी जायचं, त्यामुळं आमच्या पपईला साबणाचा वास येतो असं शेजारीण म्हणायची, पण खायला पहिली तीच यायची. चहाची पूड गाळून, उन्हात वाळवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पातेल्यात पडायची. माय त्याला पेन्शनीचा चहा म्हणायची. आणि शिळ्या भाकरीचा कुटका! लसूण, लाल मिरची, शेंगदाण्याची चरचरीत फोडणी आणि त्यात कुस्करलेली कालची ज्वारीची भाकरी. तो कुटका असा लागायचा की मी ताजी भाकरी मुद्दाम फडक्याआड लपवून शिळी करायची. इथवरच्या काटकसरीबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट आज माझ्या फ्रिजमध्ये चार-चार दिवसांचे डबे उभे असतात आणि एकालाही फोडणी देण्याचा उत्साह घरात कुणात नसतो, तेव्हा मला वाटतं की आम्ही त्या घरात काही वाया घालवत नव्हतो, त्यापेक्षा जास्त म्हणजे आम्ही सगळं दोनदा भोगत होतो.

पण उजेडाचं प्रकरण निराळं होतं. आप्पांच्या लहानपणी त्यांच्या गावात खांब आले ते आधी पाटलाच्या घरापर्यंत, मग शाळेपर्यंत, मग मारुतीच्या पारापर्यंत, आणि तिथं तार संपली. आमची वस्ती पारापासून हाकेच्या अंतरावर. पुढचे दोन खांब यायला आप्पांना मिसरूड फुटावी लागली. तोवर दिवस मावळला की वस्तीतली पोरं गावाकडं तोंड करून बसायची आणि दुसऱ्यांचे दिवे बघायची. हे आप्पांनी मला एकदाच सांगितलं, तेही हातातली पक्कड पुसता पुसता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. शेवटी म्हणाले, "तवाच ठरवलं, आपल्याला उजेड भेटला तर जपून वापरायचा." भेटला, आणि त्यांनी तो इतका जपला की लोखंडी ट्रंकेत सहा नवे बल्ब, खोक्यांसकट, मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेले होते. आठवडी बाजारातला एक दुकानदार दुकान मोडत होता, त्याच्याकडून आणलेले. ट्रंकेला कुलूप, किल्ली आप्पांच्या करदोट्याला. नियम असा की, वरचा बल्ब मेल्याशिवाय खालच्याला जन्म नाही.

बल्ब हलवण्याचा एक विधी होता आणि त्याची पुजारीण मी होते. आधी बटण बंद करायचं. मग लगेच हात लावायचा नाही. आप्पा सांगायचे, आतली तार तापलेली असते तोवर ती शिजलेल्या शेवईसारखी मऊ असते, धक्का लागला की तुटते. म्हणून शंभरापर्यंत मोजायचं. सावकाश. मग स्टुलावर चढून, फडक्यानं धरून, हलकेच वर दाबून फिरवायचा, फ्रॉकच्या ओच्यात घ्यायचा आणि सात पावलं चालून दुसऱ्या खोलीत न्यायचा. चार वर्षांत मी एकदाही ठेचकाळले नव्हते. आप्पांना याचा इतका अभिमान होता की आल्यागेल्याला सांगायचे, "आमची रंजी काचेच्या कामाला लई पक्की."

त्या शंभर आकड्यांच्या अंधारासारखं सुख मी पुढं कुठंही घेतलं नाही. बटण बंद झालं की आधी डोळ्यांत बल्बाचं हिरवं भूत नाचायचं, मग ते विरघळायचं आणि घर हळूहळू मोठं होत जायचं. भिंती मागं सरकायच्या. तापलेली काच थंड होताना मधूनच टिक् करायची. दूर पिठाची गिरणी बंद होताना तिच्या पट्ट्याची फटफट मंदावत जायची, स्टॅण्डवर एखादी एसटी वळताना घरघरायची, शेजारच्या रेडिओवरचं गाणं आपल्या घरातच कुणी गुणगुणतंय असं वाटायचं. हळद शिजवण्याच्या दिवसांत तर बाहेरून तो मातकट, उबदार वास यायचा आणि आम्ही सगळी त्या वासात तरंगत असायचो. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. माझा आवाज मलाच झोप आणायचा. आजही घरातली लाईट गेली की माझी मुलं मोबाईलची बॅटरी लावतात आणि मी मनात मोजायला लागते. पंचेचाळीसच्या पुढं कुणी जाऊ देत नाही.

आणि त्या अंधाराची राणी होती शकूआत्या. आप्पांची धाकटी बहीण, आमच्याकडंच राहायची आणि दोन गल्ल्या सोडून बालवाडी चालवायची. बटण बंद झालं रे झालं की आत्याला कंठ फुटायचा. एसटीचा कंडक्टर, दवाखान्यातली नर्स, बालवाडीत लेकराला सोडून न जाणारी आई, अशी सगळी माणसं आमच्या अंधारात येऊन बोलून जायची. माय भाकरी थापणं थांबवून हसायची. आप्पासुद्धा खाकरून हसू दाबायचे. मग मी शंभर म्हणायची, बल्ब लागायचा, आणि आत्या वाक्याच्या मधोमध बंद पडायची. कुणाची नजर तिच्यावर पडली की तिची जीभ टाळूला चिकटायची. घरच्यांचं एक वेळ चालायचं, लेकरांची नजर तर ती नजरच धरत नव्हती, पण परक्या मोठ्या माणसांनी बघितलं की संपलं. तीन ठिकाणचे पाहुणे तिला बघून गेले होते. तिन्ही वेळा ती पायाच्या अंगठ्याकडं बघत बसली, नावसुद्धा सांगितलं नाही. तिसऱ्यांनी तर निरोपच धाडला होता की पोरगी मुकी हाय, आधी सांगायचं होतं.

खरं म्हणजे आत्याला पाहुण्यांना फक्त एक गोष्ट विचारायची असायची. ती तिनं मला अशाच एका अंधारात सांगितली होती. "रंजे, मला येवढंच इचारायचं असतंय गं, की माझी बालवाडी चालू ठेवू देता का. बाकी काळा असो, गोरा असो. पण तोंडच उघडत न्हाई. अन् न इचारता गेले, तर माझी लेकरं सुटली." चौथ्या पाहुण्यांचा निरोप आला तेव्हा आप्पा म्हणाले की माणसं चांगली आहेत, होकार आला तर आपण लगेच हो म्हणायचं, आता थांबायचं नाही. म्हणजे या वेळी आत्याला विचारावंच लागणार होतं. समोरासमोर, सगळ्यांच्या देखत, एकाच बैठकीत.

मुलगा वारंगा फाट्याचा, उत्तम नावाचा. फाट्यावर ट्रकांचे टायर काढून-बसवून द्यायचं त्याचं दुकान. सोबत त्याची आई आणि मामा येणार होते. दुपारी तीनच्या बसनं येतील असं ठरलं होतं. सकाळीच माय आप्पांना म्हणाली, "आजच्या दिवस ट्रंकेतला एक काढा. दोन्ही खोल्यांत उजेड पाहिजे."

"दिवसा येऊन राहिले ना पाव्हणे? सूर्य हाय की."

"अन् उशीर झाला तर?"

"बसला उशीर व्हईल, सूर्याला होत न्हाई," आप्पा म्हणाले आणि सायकल पुसायला गेले.

उशीर बसलाच झाला. वाटेत तिचं टायर बसलं. उत्तमराव स्वतः खाली उतरून ड्रायव्हरला चाक बदलू लागले म्हणून ती सुटली तरी, पण पाहुणे दारात आले तेव्हा सूर्य आपलं काम संपवून गेलेला होता. मुलगा ओसरीवर उभा राहिला, कोपरापर्यंत हात काळे. "जयभीम. आधी पाणी द्या हाताला," म्हणाला. माझी मर्जी तिथंच बसली त्याच्यावर. चांगला अर्धा तास चोळूनही नखांतला काळा रंग गेला नाही, आणि आप्पा साबणाकडं बघत बसले.

बल्ब अर्थातच बाहेरच्या खोलीत होता. त्याच्याखाली सतरंजी, सतरंजीवर मामा मधे, एका बाजूला मुलगा, एका बाजूला त्याची आई. समोर आत्या, निळ्या काठाच्या साडीत, मान खाली. मी तिला चिकटून. आत माय स्टोव्हच्या निळ्या जाळावर सुशीला करत होती, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांची फोडणी. त्या वासानं माझा जीव कासावीस झाला होता. मामांनी घसा साफ केला. "नाव काय पोरी तुझं?" आत्याचा अंगठा सतरंजीचा दोरा उकलायला लागला. "शिक्षण किती झालं?" दोरा आणखी लांब झाला. मामांनी आप्पांकडं बघितलं. मुलाच्या आईनं पदर सावरला. मी आत्याच्या पाठीत बोट टोचलं, तिचं अंग लाकडासारखं झालं होतं. असं वाटलं, चौथाही नकार आला.

तेवढ्यात आतून मायनं पातेल्यावर उलथनं तीनदा वाजवलं. याचा अर्थ, बल्ब पाठवा. माय अंधारात भाकरी थापणारी बाई, तिला मीठ-साखर ओळखायला बल्ब लागत नव्हता. तिचा डाव मला फार पुढं कळला. तिला वाटलं, पाहुण्यांसमोर बल्ब काढायची आप्पांना लाज वाटेल आणि ट्रंक उघडेल. बिचारी माय. बारा-तेरा वर्षं संसार करून तिला आप्पा कळले नव्हते. आप्पा शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, घडीभर दम धरा. बल्ब आत न्यायचा हाय. रंजी शंभरापोत मोजंल, मंग निंघंल."

"शंभर?" मामा म्हणाले. "ते काहून?"

हा प्रश्न आप्पांना विचारायचा नसतो. बटण बंद झालं आणि अंधारात आप्पांनी तापलेली तार, शेवई, धक्का, कोळसा, वीज कुठून निघते आणि किती खांब ओलांडून येते, सगळं सुरू केलं. मी मोजायला लागले. आणि आता ती कबुली. एकोणतीसपर्यंत मी इमानदारीत मोजलं. मग सुशीलाचा वास पुन्हा आला, शेजारी आत्याचा हात बर्फासारखा गार लागला, आणि मला ती बैठक लवकर संपावी असं इतकं वाटलं की एकोणतीसनंतर मी थेट एकोणऐंशी म्हणाले. ऐंशी, एक्क्याऐंशी. आप्पा खांब मोजत होते, त्यांच्या लक्षात आलं नाही. शंभर म्हणून मी स्टुलावर चढले. फडक्यातूनही काच हाताला चटका देत होती. ओच्यात घेऊन मी जवळजवळ पळतच सात पावलं गेले, सहाव्या पावलाला उंबरा आला, ठेच लागली, आणि ओच्यात काहीतरी अगदी बारीक थरथरलं. मी होल्डरात बल्ब बसवला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

आप्पा आत आले. माझ्या हातून बल्ब घेऊन त्यांनी कानाशी हलवला. किण्, किण्. स्टोव्हच्या निळ्या उजेडात त्यांचा चेहरा असा दिसला की जणू घरातलं माणूस गेलंय. "चार वर्षं," ते म्हणाले. "चार वर्षं झाली याला."

"आता काढा ट्रंकेतला," माय कुजबुजली.

"थांब. तार जुळते कधी कधी."

ही विद्या आता कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. तुटलेली तार लोंबत असते. बल्ब तिरका धरून, हळूहळू फिरवून ते लोंबतं टोक दुसऱ्या टोकाला अडकवता आलं तर बल्ब पुन्हा लागतो. एका खोलीत तीन पाहुणे अंधारात बसलेले, बहिणीचं लग्न टांगणीला लागलेलं, ट्रंकेत सहा कोरे बल्ब, आणि आमचे आप्पा स्टोव्हपाशी उकिडवे बसून मेलेल्या बल्बात तार जुळवत होते. रॉकेलची चिमणी लावावी तर घरात चिमणीच नव्हती. वायरमनच्या घरात चिमणी दिसली तर लोक काय म्हणतील, म्हणून त्यांनी ती कधीच भंगारात देऊन टाकली होती. "तू जाऊन पाव्हण्यांपाशी बस," माय मला म्हणाली. तिचा आवाज मला आवडला नाही.

बाहेरच्या खोलीत मी भिंतीला धरून गेले. दाराच्या फटीतून समोरच्या घरचा उजेड बोटभर आत येत होता, बाकी गडद. मग मुलाची आई उठायला गेली आणि तिचा पाय पाण्याच्या तांब्याला लागला. तांब्या गडगडला, ती दचकून "अगं माय" म्हणाली. आणि माझ्या शेजारून एक आवाज आला. ठणठणीत, गोड, बालवाडीतला.

"भिऊ नका. पाय जवळ घ्या. डाव्या हाताला भिंत हाय, तिला टेका. आता बसा बरं खाली. शाब्बास."

मुलाची आई खाली बसली. शाब्बासकी घेऊन बसली. अंधारात उत्तमराव फसकन हसले.

"हसता काहून?" आत्या म्हणाली.

"माझ्या आईला आजवर कुणी खाली बस म्हणून बसवलेलं न्हाई."

"सांगायची पद्धत असती. मामा, तुमी कुठं चालले? तुमचा आवाज दाराकडून येऊन राहिला."

"न्हाई, न्हाई, इथंच हाव," मामा म्हणाले आणि परत आल्याचा सरसर आवाज झाला. "बोलती की पोरगी."

आत्या बोलली. काय बोलली! मी सतरंजीवर आडवी झाले आणि डोळे मिटून ऐकत राहिले, कारण उघडे ठेवून उपयोग नव्हता. तिनं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, बालवाडीतल्या एका लेकराची नक्कल करून दाखवली. हळदीचा वास आत येत होता, कुठंतरी बकरी ओरडत होती, आणि आमच्या खोलीत पाच माणसं एकमेकांचे चेहरे विसरून बसली होती. मग तिनं मुलाला विचारायला सुरुवात केली.

"दारू?"

"न्हाई."

"अंधारात खोटं बोललं तर आवाज हलतो, मला कळतंय."

सतरंजीवर कुणीतरी सरकून बसल्याचा आवाज झाला. मग, "एकदा. उलटी झाली. मामांनीच पाजली व्हती."

"मी?" मामा म्हणाले, पण त्यांचाही आवाज हलला आणि त्यांची बहीण हसायला लागली.

"रागावता का?"

"टायरवर. माणसावर न्हाई."

त्याच क्षणी स्वयंपाकघरातून पांढराशुभ्र उजेड दारातून आत उडाला. आप्पांची तार जुळली होती. जुळलेली तार आखूड होते म्हणून जास्त जळते. तो बल्ब चार वर्षांत लागला नव्हता इतका लख्ख लागला. "लागला!" आप्पा ओरडले. सगळ्यांचे चेहरे एकदम उगवले आणि आत्याचा आवाज टप्कन गेला. मग उजेडही गेला. आतून आप्पा हळूच म्हणाले, "गेला."

आणि मग माय. माझी माय, जिनं कधी आवाज चढवला नव्हता. "ते सहा काय माझ्या सरणावर लावायचेत का? जपून जपून कुणासाठी जपून राहिले? बाहेर बहीण बसली हाय तुमची. किल्ली द्या, न्हाई तर मी कुलूप फोडते." पाटा-वरवंट्यातला वरवंटा उचलल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मामांनी घसा साफ केला नाही. मग आप्पांच्या करदोट्याची किल्ली खळखळली.

अंधारात आत्यानं माझा हात घट्ट धरला. ट्रंकेचं कुलूप उघडायला किती वेळ लागतो, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुलूप गंजलेलं होतं, किल्ली दोनदा फिरवावी लागायची. "ऐका," ती घाईघाईनं म्हणाली, "आता येक शेवटचं. लई महत्त्वाचं हाय." किल्ली एकदा फिरली. "मी बालवाडी चालवते." किल्ली दुसऱ्यांदा फिरली, झाकण कुरकुरलं. "लग्न झालं तरी मला माझी..." खोक्याचा कागद फाटला. "माझी बाल..."

आणि लाईट लागली.

आप्पांचं एक आहे, एकदा बांध फुटला की ते काठावर उभे राहत नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरात लावला, बाहेर लावला, आणि ओसरीवर जाऊन कोळ्याचं जाळं स्वतःच्या हातानं बाजूला करून तिथंही लावला. आम्ही आमचं घर पहिल्यांदा एका वेळी बघत होतो. केवढं होतं ते. भिंतीवरचं काजळ दिसलं, छताचे पोपडे दिसले, आतल्या खोलीत फळीवर ओळीनं मांडलेले डबे दिसले, दारात हातात वरवंटा घेऊन उभी असलेली माय दिसली, तिचे गाल लाल. पाहुणे डोळे बारीक करून बघत होते. उत्तमराव अजून मघाच्या हसण्यात होते. आणि सगळ्यांच्या नजरा एकाच वेळी आत्याकडं वळल्या. तिची मान खाली गेली. अंगठा सतरंजीवर आला.

"हं," मामा म्हणाले. "काय इचारत व्हतीस पोरी?"

पुढचं सगळं मला ठाऊक आहे. मला हेही ठाऊक आहे की वारंगा फाट्यावरून सकाळच्या पहिल्या एसटीनं एक बाई कितीतरी वर्षं रोज कळमनुरीला येत राहिली आणि तिच्या हाताखालून गेलेली लेकरं आता स्वतःची लेकरं घेऊन तिच्या पाया पडायला फाट्यावर जातात. पण त्या क्षणी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. त्या क्षणी फक्त तीन बल्ब होते, सात माणसं होती आणि एक खाली गेलेली मान होती. आप्पा स्टुलावरून उतरले. मी मनात मोजायला लागले होते. अकराला आत्याच्या गळ्यातली शीर हलली. सोळाला तिनं सतरंजीचा दोरा सोडला. मग तिनं मान वर केली, सरळ, त्या लख्ख उजेडात, मामांकडं बघितलं, उत्तमरावांकडं बघितलं, आणि आप्पांकडं वळून सगळ्यांच्या देखत म्हणाली,

"दादा, काढ तो बल्ब. माझं अजून इचारून झालं न्हाई."